ॲल्बर्ट कॅशियर

ॲल्बर्ट डी. जे. कॅशियर (जन्मनाव : जेनी हॉजर्स, २५ डिसेंबर १८४३ – १० ऑक्टोबर १९१५) हे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडील संघराज्याच्या बाजूने लढलेले आयरिश स्थलांतरित सैनिक होते. इलिनॉय राज्याच्या ९५ व्या पायदळ पलटणीतील 'जी' कंपनीत ऑगस्ट १८६२ ते ऑगस्ट १८६५ अशी पूर्ण तीन वर्षे त्यांनी शिपाई म्हणून नोकरी केली. जन्माने स्त्री असलेल्या कॅशियर यांनी लष्करभरतीपासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे ५३ वर्षे, पुरुषाचे नाव, वेश आणि जीवनक्रम सांभाळला. यादवी युद्धात पुरुषवेशाने लढलेल्या अनेक स्त्रियांच्या नोंदी आहेत. परंतु संपूर्ण मुदतीची नोकरी, सन्मानपूर्वक निवृत्ती आणि पुढचे सारे आयुष्यही त्याच नावाने काढणे, असे तिन्ही एकत्र आढळणारे उदाहरण विरळाच. उतारवयात हे गुपित उघड झाल्यावर सरकारी निवृत्तिवेतन खात्याने केलेली चौकशी आणि तीत जुन्या सहकाऱ्यांनी दिलेल्या साक्षी यांमुळे कॅशियर यांच्या सेवेची नोंद असामान्य तपशिलाने जतन झाली.

नाव आणि उल्लेखाची रीत

मराठीत कर्त्याचे लिंग क्रियापदाला चिकटलेले असते. 'लढला' किंवा 'लढली' यांपैकी एक लिहिल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. त्यामुळे इंग्रजी लेखकाला सर्वनामापुरता पडणारा पेच मराठी लेखकाला वाक्यागणिक पडतो. कॅशियर यांनी स्वतः सज्ञानपणी वापरलेले नाव, सैन्याच्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे कागद आणि थडग्यावरचा मूळ मजकूर हे सर्व पुरुषनामाचे आहेत. म्हणून या लेखात आदरार्थी पुल्लिंगी रूप वापरले असून जन्मनावाचा उल्लेख बालपणाच्या संदर्भात केला आहे. जुन्या ग्रंथांत मात्र त्यांचा उल्लेख 'पुरुषवेशातील स्त्री सैनिक' असा सर्रास आढळतो.

पूर्वायुष्य

जेनी हॉजर्स यांचा जन्म आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लाउथ परगण्यातील क्लॉगरहेड या मच्छीमारांच्या गावी झाला. त्यांचे बालपण आणि आयर्लंडचा महादुष्काळ यांचा काळ एकच आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या करप्यामुळे त्या देशात सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात जन्माने आयरिश असलेले सुमारे दीड लाख सैनिक होते, त्याचे मूळ या देशांतरात आहे.

अमेरिकेत येण्यापूर्वीच्या आणि येण्याच्या प्रसंगाच्या हकिकती परस्परांशी जुळत नाहीत. कारखान्यात काम मिळावे म्हणून घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने मुलाचे कपडे घालायला लावले, अशी एक हकिकत आहे. कोणी तो पुरुष सावत्र वडील होता असे सांगतात, तर कोणी काका. या हकिकती कॅशियर यांच्या अखेरच्या दिवसांतील बोलण्यावरून नोंदल्या गेल्या. त्या वेळी त्यांची स्मृती ढासळलेली होती आणि विचारणारी माणसे उत्सुकतेने भारलेली होती. तेव्हा त्यांवर फार भिस्त ठेवणे योग्य नाही. निश्चित आहे ते एवढेच, की १८६२ च्या उन्हाळ्यात उत्तर इलिनॉयमधील बेल्व्हिडिअर या गावी ॲल्बर्ट कॅशियर या नावाचा, शेतीकाम करणारा एक तरुण आयरिश मजूर हजर होता.

भरती

जुलै १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तीन वर्षांच्या मुदतीसाठी ३,००,००० नव्या सैनिकांची मागणी केली. तिला प्रतिसाद म्हणून इलिनॉयच्या बून आणि मॅकहेन्री या परगण्यांतून ९५ वी पलटण उभी राहिली. कॅशियर यांनी ६ ऑगस्ट १८६२ रोजी नाव नोंदविले. भरतीच्या कागदावर वय १९, उंची ५ फूट ३ इंच, रंग गोरा, डोळे निळे आणि व्यवसाय शेती असे वर्णन आहे. जन्मतारीख खरी धरली तर ते त्या वेळी अठराच वर्षांचे होते. लिहिता येत नसल्याने सहीच्या जागी त्यांनी फुलीची खूण केली.

वैद्यकीय तपासणीतून ते कसे निसटले, हा प्रश्न आजचा वाचक प्रथम विचारतो. त्याचे उत्तर त्या काळच्या तपासणीतच आहे. माणसे हजारोंच्या संख्येने हवी होती आणि तपासणारे डॉक्टर थोडे होते. पलटणीतील सहकाऱ्यांनी पुढे शपथेवर सांगितल्याप्रमाणे, भरतीच्या वेळी कोणालाही कपडे उतरवायला लावले नव्हते. हात आणि पाय दाखविले की काम झाले. चालता येते का, बंदूक पेलेल का आणि काडतुसाचे कागदी वेष्टण फाडण्याइतके दात शाबूत आहेत का, यापलीकडे भरती अधिकाऱ्यांना सहसा काही पाहायचे नसे. सैन्यात मिसरूड न फुटलेली पोरेही पुष्कळ होती, त्यामुळे दाढी नसणे हे संशयाचे कारण ठरले नाही.

पलटण ४ सप्टेंबर १८६२ रोजी रॉकफर्ड येथील छावणीत रीतसर सेवेत दाखल झाली आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडे रवाना होऊन जनरल युलिसिस ग्रँट यांच्या 'टेनेसी सेने'त सामील झाली. न्यूयॉर्कच्या 'आयरिश ब्रिगेड'सारख्या जमातवार पथकांत अनेक आयरिश गेले. कॅशियर यांची पलटण तशी नव्हती. तीत मुख्यतः उत्तर इलिनॉयची शेतकरी मुले होती आणि त्यांच्यात हा बुटका, अबोल आयरिश मजूर एकटा पडणे स्वाभाविक होते.

युद्धसेवा

व्हिक्सबर्गचा वेढा. मिसिसिपी नदीच्या काठी उंच कड्यावर वसलेले व्हिक्सबर्ग हे दक्षिणेच्या हाती राहिलेले नदीवरचे सर्वांत भक्कम ठाणे होते. ग्रँट यांनी १९ आणि २२ मे १८६३ रोजी त्यावर थेट हल्ले चढविले. दोन्ही हल्ले परतवले गेले आणि ९५ व्या पलटणीची त्यांत मोठी हानी झाली. त्यानंतर वेढा घालून शहराची उपासमार करण्यात आली व ४ जुलैला ते शरण आले.

कॅशियर यांच्याविषयी सहकाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी मुख्यतः याच काळातील आहेत. शत्रूच्या हालचालींची टेहळणी करीत असता ते एकदा पकडले गेले. पहारेकऱ्याची बंदूक हिसकावून, त्याला खाली पाडून ते पळाले आणि आपल्या तळावर सुखरूप परतले, असे सांगतात. दुसऱ्या एका चकमकीत तोफेच्या माऱ्याने पडलेला ध्वज त्यांनी झाडावर चढून पुन्हा फांदीला बांधला. आडोसा सोडून उघड्यावर उभे राहायचे आणि लपून बसलेल्या शत्रूला समोर यायचे आव्हान द्यायचे, ही त्यांची खोड कंपनीत प्रसिद्ध होती. या आठवणी अर्धशतकानंतर सांगितलेल्या आहेत आणि जुन्या सैनिकांच्या गप्पांत पराक्रम वाढतच जातो. तथापि, एक गोष्ट या साक्षींत सातत्याने येते : कंपनीत सर्वांत बुटका असलेला हा शिपाई लांब मजलीत मागे राहत नसे आणि आपल्या वाट्याचे ओझे दुसऱ्यावर टाकत नसे.

त्याच साक्षींत त्यांच्या एकलकोंड्या स्वभावाचेही वर्णन आहे. ते अंगरख्याची बटणे गळ्यापर्यंत लावून ठेवीत, कुस्ती किंवा दांडगाईच्या खेळांत भाग घेत नसत आणि शक्यतो एकटे झोपत. सोबत्यांनी दाढी न येण्यावरून थट्टा केली, तरी त्यांच्या मनात संशय आला नव्हता. छावणीत शिपाई दिवसचे दिवस अंगावरच्या कपड्यांनिशीच झोपत आणि नैसर्गिक विधीसाठी रानात जात. त्यामुळे एकांत मिळविणे वाटते तितके अवघड नव्हते.

रेड रिव्हर आणि गनटाऊन. १८६४ च्या वसंतात पलटण लुइझियानातील रेड रिव्हर मोहिमेत होती. ती मोहीम फसली. पाठोपाठ १० जून १८६४ रोजी मिसिसिपी राज्यात गनटाऊनजवळ ब्राइसेस क्रॉसरोड्स येथे संख्येने कमी असलेल्या दक्षिणी घोडदळाने जनरल नेथन बेडफर्ड फॉरेस्ट यांच्या नेतृत्वाखाली उत्तरेच्या फौजेचा धुव्वा उडविला. कडक उन्हात दौडत आणलेल्या पायदळाला थकलेल्या अवस्थेतच लढाईत उतरावे लागले. पलटणीचे प्रमुख कर्नल थॉमस हंफ्री तेथेच मारले गेले. पलटणीच्या इतिहासातील हा सर्वांत वाईट दिवस होय.

अखेरचे वर्ष. शरद ऋतूत आर्कान्सा आणि मिसूरी राज्यांतून दक्षिणी जनरल स्टर्लिंग प्राइस यांचा पाठलाग, १५ व १६ डिसेंबरला नॅशव्हिलची निर्णायक लढाई आणि १८६५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अलाबामातील मोबील शहराच्या रक्षणार्थ उभारलेल्या स्पॅनिश फोर्टचा वेढा, अशा क्रमाने पलटणीची वाटचाल झाली. कॅशियर आपल्या कंपनीबरोबर शेवटपर्यंत होते. १७ ऑगस्ट १८६५ रोजी पलटण सेवामुक्त झाली. तीन वर्षांत तिचे २८९ लोक दगावले : ८४ लढाईत किंवा जखमांमुळे आणि २०५ रोगराईने. रोगाने अंथरूण धरले की लष्करी रुग्णालयात कपडे उतरविले जात. अनेक वेषांतरित स्त्रिया याच वाटेने उघडकीस आल्या. गोळीइतकाच हगवणीचाही धोका असलेल्या त्या तीन वर्षांत कॅशियर यांचे गुपित टिकले, यात त्यांच्या सावधगिरीइतकाच प्रकृतीचाही वाटा आहे.

युद्धोत्तर आयुष्य

सेवामुक्त झाल्यावर कॅशियर प्रथम बेल्व्हिडिअरला परतले. १८६९ च्या सुमारास ते इलिनॉयच्याच लिव्हिंग्स्टन परगण्यातील सॉनमिन या लहान गावी स्थायिक झाले. एका शेतकरी कुटुंबाकडे ते मजूर म्हणून राहिले आणि त्याच कुटुंबाने त्यांना एका खोलीचे लाकडी घर बांधून दिले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी तेथे शेतमजुरी केली, चर्चची झाडलोट केली, दफनभूमीची निगा राखली आणि संध्याकाळी गावातले रस्त्यांवरचे दिवे लावले. हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनी ते आपला जुना गणवेश घालून संचलनात सामील होत.

निवडणुकीत ते मतदानही करीत. इलिनॉयमध्ये स्त्रियांना राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि काही स्थानिक पदांसाठी मताधिकार मिळाला तो १९१३ साली, आणि संपूर्ण देशात १९२० मध्ये. पुरुष म्हणून जगण्यात एकट्या, निरक्षर, परदेशी स्त्रीला न मिळणारे पुष्कळ काही होते : अधिक मजुरी, बँकेत स्वतःचे खाते, मत आणि सैनिकाचे निवृत्तिवेतन. केवळ एवढ्यासाठीच त्यांनी हे जीवन पत्करले असे काही अभ्यासक मानतात. परंतु या स्पष्टीकरणाने युद्धानंतरची पन्नास वर्षे पुरती उलगडत नाहीत. इतर बहुतेक वेषांतरित स्त्रिया युद्ध संपताच, किंवा त्याआधीच, स्त्रीजीवनाकडे परतल्या होत्या. अलीकडचे अनेक लेखक म्हणूनच कॅशियर यांना पारलिंगी पुरुष मानतात. ही संज्ञा त्यांच्या काळी नव्हती, आणि लिहिता न येणाऱ्या या माणसाने स्वतःविषयी कागदावर काही ठेवलेले नाही.

गुपित उघड होणे

वृद्धापकाळी इलिनॉयच्या राज्य सिनेटचे सदस्य आयरा लिश यांच्याकडे कॅशियर किरकोळ कामे करीत असत. तेथे लिश यांच्या मोटारीचा धक्का लागून त्यांचा पाय मोडला. हाड बसविताना डॉक्टरांच्या लक्षात खरा प्रकार आला. कॅशियर यांनी गयावया केल्यावर डॉक्टर आणि लिश या दोघांनीही मौन पाळले. त्यापूर्वी शेजारच्या एका कुटुंबालाही आजारपणाच्या निमित्ताने हे कळले होते आणि त्यांनीही ते बाहेर जाऊ दिले नव्हते. पाय नीट बरा होईना, तेव्हा ५ मे १९११ रोजी त्यांना क्विन्सी येथील सैनिक आणि नाविकांच्या सरकारी निवासात दाखल करण्यात आले. दाखला पुरुष सैनिक म्हणूनच झाला आणि तेथील मोजक्या वरिष्ठांनीही गुपित सांभाळले. इतक्या लोकांनी, एकमेकांशी संबंध नसताना, तोंड मिटून राहावे हा या चरित्रातील कमी चर्चिला गेलेला भाग आहे.

पुढे स्मृतिभ्रंश वाढत गेला. मार्च १९१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कॅशियर यांची रवानगी वॉटरटाऊन येथील सरकारी मनोरुग्णालयात झाली. तोवर बातमी फुटून वृत्तपत्रांत ठळक मथळ्यांनी झळकली होती. मनोरुग्णालयात त्यांना स्त्रियांच्या विभागात ठेवून घागरा घालण्याची सक्ती करण्यात आली. पन्नासहून अधिक वर्षे विजारीत वावरलेल्या, पाय अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या पायघोळ वस्त्रात चालणे जमत नसे. त्यात अडखळून ते पडले आणि खुब्याला इजा झाली, असे जुन्या वृत्तांतांत म्हटले आहे. भेटीस गेलेल्या सैनिक मित्रांना त्यांची ती अवस्था पाहून फार वाईट वाटले व त्यांनी या वागणुकीचा निषेध केला.

निवृत्तिवेतनाची चौकशी

१८९० च्या कायद्याने आणि नंतर १९०७ च्या वयाधारित कायद्याने यादवी युद्धातील माजी सैनिकांना व्यापक प्रमाणावर निवृत्तिवेतन मिळू लागले होते. कॅशियर यांनाही ते मिळत होते. वृत्तपत्रांतील बातम्यांनंतर निवृत्तिवेतन खात्यापुढे प्रश्न उभा राहिला : ही व्यक्ती खरोखर युद्धात लढलेली आहे, की मेलेल्या एखाद्या सैनिकाचे नाव व कागद घेऊन तिने सरकारला फसविले? फसवणूक ठरली असती, तर निराधार आणि आजारी अवस्थेतील कॅशियर यांचे एकमेव उत्पन्न बंद होऊन त्यांचे नाव सेवेच्या नोंदीतूनच पुसले गेले असते.

खात्याने तपासनीस पाठवून 'जी' कंपनीतील हयात शिपायांचे जबाब घेतले. या जबाबांत चौकशीचा रोख महत्त्वाचा आहे. प्रश्न लिंगाचा ठेवला गेला नाही, ओळखीचा ठेवला गेला. समोरची वृद्ध व्यक्ती १८६२ मध्ये भरती झालेला तोच शिपाई आहे काय, एवढेच विचारले गेले. कंपनीच्या हवालदारासह जुन्या सोबत्यांनी चेहऱ्यावरून, अंगलटीवरून आणि छावणीतील समान आठवणींवरून ओळख पटविली. यांतील बहुतेकांना सत्य वर्तमानपत्रांतूनच समजले होते. त्यांनी आश्चर्य लपविले नाही, पण कॅशियर चांगला शिपाई होता हे सांगताना एकानेही हात आखडता घेतला नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये खात्याने निर्णय दिला की ओळख सिद्ध झाली आहे आणि निवृत्तिवेतन मृत्यूपर्यंत चालू राहील.

या निर्णयाला एक पार्श्वभूमी आहे. १९०९ मध्ये पत्रकार आयडा टार्बेल यांनी यादवी युद्धातील स्त्री सैनिकांची माहिती लष्कराकडे मागितली, तेव्हा कोणतीही स्त्री सैन्यात भरती झाल्याची अधिकृत नोंद आढळत नाही, असे उत्तर देण्यात आले होते. प्रत्यक्षात अशा काही नोंदी दप्तरात होत्या. १८८४ मध्येच काँग्रेसने मिशिगनच्या दुसऱ्या पलटणीत 'फ्रँकलिन थॉम्पसन' या नावाने लढलेल्या सेरा एडमंड्स यांना खास कायद्याने निवृत्तिवेतन दिले होते. एडमंड्स यांनी स्वतः पुढे येऊन मागणी केली होती. कॅशियर यांनी तसे कधीच केले नाही.

मृत्यू आणि स्मारके

१० ऑक्टोबर १९१५ रोजी वॉटरटाऊन येथे कॅशियर यांचे निधन झाले. 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या माजी सैनिकांच्या संघटनेने त्यांचा अंत्यविधी केला. घागरा काढून त्यांना गणवेश चढविण्यात आला, शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्यात आला आणि सॉनमिनच्या दफनभूमीत पूर्ण लष्करी इतमामाने दफन झाले. थडग्याच्या दगडावर नाव, कंपनी आणि पलटण एवढेच कोरले गेले. त्यांच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाने जन्मनाव आणि वारस शोधण्यात नऊ वर्षे घालविली. वारस म्हणून पुढे आलेल्या कोणाचाही दावा पटण्याजोगा नव्हता. अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेले सुमारे २८२ डॉलर परगण्याच्या खजिन्यात जमा झाले.

व्हिक्सबर्ग येथील रणभूमीवर इलिनॉय राज्याने उभारलेल्या घुमटाकार स्मारकाचे उद्घाटन १९०६ मध्ये झाले. वेढ्याच्या ४७ दिवसांसाठी ४७ पायऱ्या असलेल्या या वास्तूत मोहिमेत भाग घेतलेल्या इलिनॉयच्या ३६,३२५ सैनिकांची नावे कांस्यपत्रांवर कोरलेली आहेत. त्यांत ९५ व्या पलटणीखाली कॅशियर यांचेही नाव आहे. ते कोरले गेले तेव्हा गुपित अजून फुटलेले नव्हते. १९७० च्या दशकात सॉनमिनमध्ये थडग्यापाशी दुसरा, मोठा दगड बसविण्यात आला असून त्यावर दोन्ही नावे आहेत. जुना दगडही जागीच आहे. कॅशियर यांचे एका खोलीचे घर दुरुस्त करून गावात जतन केले आहे, आणि भरतीचे कागद व निवृत्तिवेतनाच्या चौकशीतील जबाब वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना पाहता येतात.